पहिलं बिल कुणाच्या नावावर?

१९७६ साली पुण्यात सॉफ्ट्रॉनिक्स नावाची एक लहानशी कंपनी निघाली. इथल्याच उद्योगांना सॉफ्टवेअर करून द्यायचं, असा तिचा बेत होता. दीडेक वर्षात तिला टाळं लागलं. अंगी कसब नव्हतं असं नाही. ज्यांना माल विकायचा त्यांच्याकडे संगणकच नव्हते. तिचे संस्थापक एन. आर. नारायण मूर्ती पाटणी कॉम्प्युटर सिस्टिम्समध्ये नोकरीला लागले आणि जुलै १९८१ मध्ये सहा सहकाऱ्यांना घेऊन त्यांनी पुण्यातच दुसरी कंपनी नोंदवली. भांडवल दहा हजार रुपये, तेही पत्नी सुधा मूर्ती यांच्या बचतीतले. नोंदणीचा पत्ता मॉडेल कॉलनीतला. पहिलं गिऱ्हाईक मात्र न्यूयॉर्कचं, डेटा बेसिक्स कॉर्पोरेशन. ही दुसरी कंपनी म्हणजे इन्फोसिस.

दोन्ही वेळी माणूस तोच, शहर तेच, विद्याही तीच. बदललं ते बिलावरचं नाव.

स्टार्टअपची गोष्ट आपल्याकडे ठरावीक चालीवर सांगितली जाते. दोन खोल्या, उसने पैसे, घरच्यांची कुरकुर, मग एखादं मोठं गिऱ्हाईक, मग शेअर बाजार आणि शेवटी परदेशात ऑफिस. जागतिक होणं ही त्यात सगळ्यात वरची पायरी असते. स्कूटर, औषधं, पंप यांच्या धंद्यात ही चढण खरी आहे. बजाजने आधी देशाला दुचाकीवर बसवलं आणि मग परदेश गाठला. सॉफ्टवेअरच्या धंद्यात मात्र, निदान मुंबई-पुण्याच्या गेल्या पन्नास वर्षांच्या अनुभवात, चित्र जवळजवळ उलटं दिसतं. ज्या कंपन्या जगभर पसरल्या त्यांतल्या बहुतेकींची सुरुवातीची बिलंच डॉलरमध्ये होती. ज्यांनी पहिलं बिल रुपयात फाडलं त्या बहुतेक देशातच राहिल्या, मग माल कितीही चांगला असो. अपवाद आहेत, त्यांच्याकडे येऊच. पण आधी हे असं का झालं, ते पाहायला हवं.

निम्मं उत्तर सरकारी कागदांत आहे. टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेस १९६८ मध्ये मुंबईत सुरू झाली आणि फकीरचंद कोहलींच्या हाती तिची सूत्रं आली, तेव्हा संगणक आयात करायचा म्हणजे परकीय चलन खर्च करायचं आणि ते चलन देशाकडे नव्हतं. म्हणून अट अशी, की यंत्र आणा, पण त्याच्या किमतीहून जास्त परकीय चलन निर्यातीतून परत आणा. टीसीएसने १९७४ च्या सुमारास अमेरिकेच्या बरोज कंपनीसाठी काम सुरू केलं, त्यामागे ही अट होती. त्याच सुमारास अंधेरीला सीप्झ हे निर्यातीसाठीचं क्षेत्र उभं राहिलं. पुढे पाटणी कॉम्प्युटर सिस्टिम्स काढणारे नरेंद्र पाटणी बोस्टनहून काम आणून ते भारतात करून घेण्याचे प्रयोग करत होते. १९७८ मध्ये आयबीएम भारत सोडून गेली आणि जुनी यंत्रं, जुनी सॉफ्टवेअरं चालवण्यासाठी देशी हात लागले, हा आणखी एक फायदा. थोडक्यात, आपले सॉफ्टवेअरवाले दूरदृष्टीने जगाकडे गेले असं म्हणणं सभेत शोभतं; प्रत्यक्षात परवाना खात्याने त्यांना तिकडे ढकललं.

इन्फोसिसची पहिली वर्षं या ढकलण्याचाच नमुना आहेत. कंपनीकडे स्वतःचा संगणक नाही. मग गिऱ्हाइकाच्या यंत्रावर काम करायचं तर अमेरिकेत जाऊनच करावं लागे. सातांपैकी मूर्ती सोडून बाकीचे संस्थापक तिकडे गेले आणि मूर्ती इथे परवाने, फोन, यंत्र यांच्या मागे लागले. फोन लाइनसाठी किती थांबावं लागे आणि आयात परवान्यासाठी दिल्लीच्या किती खेपा होत, हे त्यांनी पुढे अनेकदा सांगितलं आहे. १९८३ मध्ये कंपनी बंगळूरला गेली, कारण मायको ही तिथली कंपनी गिऱ्हाईक म्हणून मिळाली होती. पुणेकरांना ही गोष्ट अजूनही टोचते आणि तिच्यात एक विनोदही आहे: ज्या कंपनीला परदेशी गिऱ्हाइकाने वाढवलं, तिचा पत्ता एका देशी गिऱ्हाइकाने ठरवला.

त्यानंतरची सात-आठ वर्षं कुणी फारशी सांगत नाही, कारण त्यांत सांगण्यासारखा विजय नाही. १९८७ मध्ये कर्ट सामन असोसिएट्स या अमेरिकी सल्लागार कंपनीबरोबर भागीदारी झाली, बोस्टनला ऑफिस उघडलं आणि दोन वर्षांत भागीदारी मोडली. सात संस्थापकांपैकी अशोक अरोरा बाहेर पडले. १९९० च्या हिवाळ्यात दहा लाख डॉलरला कंपनी विकत घ्यायची तयारी कुणीतरी दाखवली. नऊ वर्षं खपून हाती फारसं काही न लागलेल्या माणसांना ही रक्कम मोठीच होती. उरलेले संस्थापक चर्चेला बसले. मूर्तींनी सांगितलं की विकायचं असेल तर तुमचे हिस्से मीच घेतो. खिशात पैसे नव्हते, तरीही. कुणी विकलं नाही. पुढच्याच वर्षी आर्थिक धोरण पालटलं. हा योगायोग होता आणि त्याला योगायोगच म्हणावं. १९९० मध्ये सह्या झाल्या असत्या तर मूर्तींच्या चिकाटीवर आज कुणी व्याख्यान देत नसतं.

१९९१ ने नेमकं काय दिलं, ते एका दमात सांगता येतं. परदेशात ऑफिस उघडायला आणि प्रवासाला दर वेळी परवानगी मागण्याची कटकट गेली, आयात सोपी झाली, शेअरची किंमत सरकारने ठरवण्याची पद्धत संपली आणि सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजी पार्क्स ऑफ इंडिया ही सरकारी संस्था उभी राहिली. अशा पार्कांच्या पहिल्या ठिकाणांत बंगळूर आणि भुवनेश्वरबरोबर पुणेही होतं. या पार्कांनी करसवलत दिली. पण त्याहून मोठी गोष्ट म्हणजे उपग्रहाची जोडणी दिली. तोवर 'ऑनसाइट' म्हणजे माणसं विमानात बसवून पाठवणं हाच धंदा होता. दुवा मिळाल्यावर काम इथे आणि गिऱ्हाईक तिथे, हे शक्य झालं. अमेरिकेत संध्याकाळ झाली की इथे सकाळ, त्यामुळे काम रात्रभर चालू राहतं, ही गोष्ट मग विक्रीच्या प्रत्येक सादरीकरणात आली.

इन्फोसिसने १९९३ मध्ये ९५ रुपयांना शेअर विकायला काढले आणि पुरेसे अर्जच आले नाहीत. उरलेला मोठा हिस्सा मॉर्गन स्टॅन्लीने उचलला. सहा वर्षांनी, मार्च १९९९ मध्ये, हीच कंपनी अमेरिकेच्या नॅसडॅक बाजारात नोंदली गेली. भारतात नोंदणी झालेली अशी ती पहिलीच. मधल्या काळात वाय-टू-के नावाची भीती जगभर पसरली होती. तारखेत सालाचे दोनच आकडे लिहिलेली जुनी सॉफ्टवेअरं दुरुस्त करायला हजारो माणसं हवी होती आणि ती भारताकडे होती. काम कंटाळवाणं, पण त्यातून शेकडो परदेशी कंपन्यांची दारं उघडली. माझ्या मते इन्फोसिसच्या वाढीतला कसोटीचा क्षण मात्र १९९५ चा. एकाच मोठ्या अमेरिकी गिऱ्हाइकाकडून कंपनीचं पाव उत्पन्न येत होतं. त्या गिऱ्हाइकाने भाव पाडून मागितला आणि मूर्तींनी नाही म्हटलं. पाव धंदा एका दिवसात गेला. त्यानंतर एका गिऱ्हाइकावर, एका तंत्रज्ञानावर, एका देशावर किती अवलंबून राहायचं याची मर्यादा कंपनीने स्वतःला घालून घेतली. परदेशी गिऱ्हाईक मिळाल्याने वाढ सुरू होते. ते गमावण्याची ताकद आल्यावर ती टिकते.

इन्फोसिस बंगळूरला गेली, तरी पुण्यात माणसं घडत राहिली. टाटांचं संशोधन केंद्र टीआरडीडीसी १९८१ पासून इथे होतं. १९८८ मध्ये विजय भटकरांच्या नेतृत्वाखाली सी-डॅक हे सरकारी संगणक संशोधन केंद्र सुरू झालं, १९९१ मध्ये तिथे परम ८००० हा महासंगणक तयार झाला. सी-डॅकच्या पदविकेला खेड्यापाड्यातली मुलं आली आणि तिथून कंपन्यांत गेली. अभियांत्रिकी महाविद्यालयांची तर रांगच होती. पुण्याची पुढची गोष्ट या माणसांच्या जिवावर घडली आणि ती १९९० मध्ये सुरू झालेल्या दोन कंपन्यांवरून उत्तम कळते.

पहिली पर्सिस्टंट सिस्टिम्स. आनंद देशपांडे खरगपूरच्या आयआयटीतून अमेरिकेत गेले, इंडियाना विद्यापीठात डेटाबेस या विषयात पीएच.डी. केली, ह्युलेट पॅकार्डच्या प्रयोगशाळेत थोडा काळ काम केलं आणि घरच्या पैशावर पुण्यात कंपनी काढली. त्यांनी निवडलेला धंदा तेव्हा विचित्र वाटला असेल. टीसीएस, इन्फोसिस बँकांना आणि कारखान्यांना सॉफ्टवेअर करून देत. पर्सिस्टंटने सॉफ्टवेअर विकणाऱ्या कंपन्यांनाच सॉफ्टवेअर करून द्यायचं ठरवलं. म्हणजे अमेरिकी कंपनीच्या खोक्यावर तिचं नाव, आतला बराच भाग सेनापती बापट रस्त्यावर लिहिलेला. अशी गिऱ्हाइकं भारतात नव्हतीच, त्यामुळे पहिल्या दिवसापासून तोंड पश्चिमेकडे. कंपनी वाढली ती सावकाश. इंटेलने २००० मध्ये पैसे घातले, पुढे आणखी दोन गुंतवणूकदार आले, पण मुख्य जोर गिऱ्हाइकाकडून महिन्याच्या महिन्याला येणाऱ्या पैशांवरच होता. मार्च २०१० मध्ये ३१० रुपयांनी भागविक्री झाली तेव्हा मागणी नव्वदपटींहून जास्त आली. २०२२-२३ या वर्षात उत्पन्नाने एक अब्ज डॉलरची रेषा ओलांडली. म्हणजे तीन दशकं उलटून गेल्यावर.

दुसरी केपीआयटी. ही सनदी लेखापालांच्या पेढीच्या पोटातून निघाली, कीर्तने आणि पंडित यांच्या. रवी पंडित आणि किशोर पाटील यांनी ती उभी केली. २००२ मध्ये कमिन्सची सॉफ्टवेअर कंपनी तिच्यात विलीन झाली आणि काही वर्षं नावही केपीआयटी कमिन्स होतं. पुण्याच्या कारखानदारीशी असलेलं हे नातं निर्णायक ठरलं. कंपनी नाना प्रकारची कामं करत मोठी होत गेली आणि मग तिने एक दुर्मिळ गोष्ट केली: स्वतःला लहान केलं. २०१८ मध्ये बिर्लासॉफ्टशी विलीनीकरण जाहीर झालं आणि लगेच विभाजनही. कंपन्यांना कारभाराचं सॉफ्टवेअर बसवून देण्याचा धंदा तिकडे गेला, मोटारींमधलं सॉफ्टवेअर एवढंच केपीआयटीकडे उरलं. २०२३-२४ मध्ये या 'एवढ्याच' धंद्याचं उत्पन्न पाच हजार कोटी रुपयांच्या जवळ गेलं होतं आणि गिऱ्हाइकांत बीएमडब्ल्यू, रेनो, होंडा होत्या. धंदा वाढवायचा म्हणजे यादी लांबवायची, हा समज अनेक कंपन्यांना महागात पडला आहे. केपीआयटीने यादी खोडली, म्हणून तिचं उदाहरण मला इन्फोसिसपेक्षाही शिकण्यासारखं वाटतं.

आता तिसरी, जिच्यावर मन जास्त जडतं. कैलास काटकर मूळचे सातारा जिल्ह्यातल्या रहिमतपूरचे. शिक्षण दहावी. पुण्यात कॅल्क्युलेटर दुरुस्तीच्या दुकानात नोकरी, मग स्वतःचं दुरुस्तीचं काम, मग संगणकांची दुरुस्ती. धाकटे भाऊ संजय यांना त्यांनी मॉडर्न कॉलेजात संगणकशास्त्राला घातलं. दुरुस्तीला येणारे संगणक वारंवार व्हायरसने बिघडलेले असत. फ्लॉपी एका यंत्रातून दुसऱ्यात गेली की रोगही जाई. संजयनी त्यावर उपाय लिहिला आणि १९९५ च्या सुमारास क्विक हील नावाने तो विकायला आला. परदेशी अँटिव्हायरस महाग होते आणि बिघाड झाला तर विचारायचं कुणाला, हा प्रश्न असे. क्विक हीलचा माणूस फोनवर आपल्या भाषेत बोलायचा. दुकानदारांचं जाळं विणत कंपनी गावोगावच्या संगणक विक्रेत्यांकडे पोचली. नव्या संगणकाबरोबर क्विक हीलची सीडी घालून देणं ही महाराष्ट्रातल्या कित्येक दुकानांची रीतच झाली होती.

२०१० मध्ये सिकोया कॅपिटलने या कंपनीत साठ कोटी रुपये घातले. फेब्रुवारी २०१६ मध्ये ३२१ रुपयांनी भागविक्री झाली. नोंदणीच्या दिवशीच भाव खाली आला. परदेशात ऑफिसं उघडून पाहिली, कंपन्यांसाठी सेक्राइट नावाने वेगळी उत्पादनं काढली. आज वर्षाची उलाढाल तीनशे कोटी रुपयांच्या आगेमागे आहे. पर्सिस्टंटची २०२३-२४ ची उलाढाल नऊ हजार आठशे कोटींवर होती. दोन्ही पुण्याच्या, दोन्ही नव्वदच्या दशकातल्या, दोन्हींचे संस्थापक कष्टाळू आणि स्वच्छ कारभाराचे. तीसपटींहून जास्त अंतर पडलं ते कशामुळे?

बाजारामुळे, असं उत्तर चटकन देता येतं आणि ते बरंचसं बरोबर आहे. घरगुती गिऱ्हाईक वर्षाला काहीशे रुपये देतं, तेही कुरकुरत. चोरटी प्रत फुकट मिळते. २०१२ पासून मायक्रोसॉफ्टने विंडोजबरोबरच पूर्ण अँटिव्हायरस द्यायला सुरुवात केली आणि घरगुती अँटिव्हायरसच्या धंद्याचा पायाच हलला. मोबाइलने तर घरचा संगणकच कोपऱ्यात नेला. अमेरिकेत जाऊन नॉर्टन, मॅकॅफीशी टक्कर द्यायची, तर जाहिरातीलाच इथल्या साऱ्या वर्षाची कमाई पुरली नसती. पण आणखी एक कारण आहे. पर्सिस्टंट वेळ विकते, क्विक हील प्रत विकते. वेळ विकणाऱ्याला महिनाअखेर पैसे मिळतात आणि पुढचा माणूस नेमता येतो. प्रत विकणाऱ्याला आधी खर्च करून वस्तू तयार करावी लागते आणि ती खपेल की नाही हे नंतर कळतं. या दुसऱ्या प्रकारच्या धंद्याला धीर धरणारं भांडवल लागतं. १९९५ च्या पुण्यात ते नव्हतं. यंत्र, जमीन, इमारत गहाण मागणाऱ्या बँकांना सॉफ्टवेअर हे तारण कसं वाटणार? काटकरांना मोठं भांडवल मिळालं ते उत्पादन बाजारात येऊन पंधरा वर्षं झाल्यावर. तोवर जगातल्या जागा भरल्या होत्या. तरीही स्वतःच्या नावावर, स्वतःच्या खोक्यात वस्तू विकण्याचं धाडस या तीन कंपन्यांपैकी एकट्या क्विक हीलने केलं, हे नोंदवायला हवं.

वस्तू विकून मोठं होणारी पिढी पुण्यात २००६ नंतर आली आणि तिने बिलाचा प्रश्न वेगळ्या पद्धतीने सोडवला. भांडवल देणारे अमेरिकेत, गिऱ्हाइकं अमेरिकेत, मग कंपनीच अमेरिकेची करून टाकायची. २००८ मध्ये पुण्यात सुरू झालेली ड्रुवा याचं चांगलं उदाहरण आहे. जसप्रीत सिंग, मिलिंद बोराटे आणि रमणी कोदंडरामन हे तिघे संस्थापक व्हेरिटासमधून आलेले. डेटा साठवणुकीचं काम करणाऱ्या या अमेरिकी कंपनीच्या पुण्यातल्या केंद्राने शहराला अभियंत्यांची एक पिढी दिली. ड्रुवाने आधी आपत्तीनंतर डेटा परत मिळवण्याच्या सॉफ्टवेअरवर काम केलं, मग लॅपटॉपच्या बॅकअपकडे वळली, मग सगळं क्लाउडवर नेलं आणि मुख्यालय कॅलिफोर्नियात हलवलं. २०१९ मध्ये तिचं मूल्य एक अब्ज डॉलरच्या वर गेलं. करारांचं व्यवस्थापन करणारी आयसर्टिस समीर बोडस आणि मोनीश दर्डा यांनी २००९ मध्ये सुरू केली. मुख्यालय वॉशिंग्टन राज्यातल्या बेलव्ह्यूला, सॉफ्टवेअर घडतं पुण्यात. जाहिरातींच्या लिलावाचं तंत्र देणारी पबमॅटिक डिसेंबर २०२० मध्ये नॅसडॅकवर नोंदली गेली. तिचेही अभियंते मोठ्या संख्येने पुण्यात.

या कंपन्या पुण्याच्या म्हणायच्या का? गौरव समारंभात म्हणतात. हिशेबाच्या वहीत त्या अमेरिकेच्या आहेत: नफा तिथे नोंदला जातो, शेअर तिथे विकले जातात, बौद्धिक मालकी बहुधा तिथल्या कंपनीकडे असते. पुण्याला पगार मिळतात, फ्लॅट विकले जातात आणि हिंजवडीच्या चौकात संध्याकाळी तास-दीड तास जातो. हे कमी आहे असं मी म्हणत नाही. इथली लाखभर घरं याच पगारांवर उभी आहेत. पण 'पुण्याची कंपनी जागतिक झाली' आणि 'जागतिक कंपनीने पुण्यात माणसं ठेवली' यांतला फरक पुसून टाकू नये. संस्थापकांना दोष देण्यातही अर्थ नाही. ज्या देशात गिऱ्हाईक आणि भांडवल दोन्ही आहेत, तिथे कंपनी जाणारच.

याला पर्याय आहे का, असं विचारलं की बोट चेन्नईकडे जातं. श्रीधर वेंबूंची झोहो १९९६ मध्ये ॲडव्हेंटनेट नावाने सुरू झाली, बाहेरचं भांडवल न घेता वाढली, आजही मुख्यालय तमिळनाडूत आहे आणि तिची स्वतःची उत्पादनं जगभर विकली जातात. पण बारकाईने पाहिलं तर तिचीही पहिली गिऱ्हाइकं परदेशी दूरसंचार उपकरणं बनवणारी होती. त्या कमाईवर बाकीचं उभं राहिलं. उलट बाजूला टॅली. देशातल्या दुकानदारांचा, कर सल्लागारांचा हिशेब तिच्यावर चालतो, धंदाही नफ्याचा, पण तिचा मुख्य बाजार भारतच राहिला. देशी गिऱ्हाइकांपासून सुरुवात करून बाहेर गेलेलं खरं उदाहरण मुंबईच्या मास्टेकचं. १९८२ मध्ये अशांक देसाई आणि सहकाऱ्यांनी ती काढली, आधी इथल्या कंपन्यांची कामं केली, मग ब्रिटनमध्ये पाय रोवले. लंडन शहरात २००३ मध्ये मोटारींवर गर्दीचा कर लागू झाला, त्यामागच्या सॉफ्टवेअरमध्ये मास्टेकचा हात होता. पण तिथवर पोचायला तिला दोन दशकं लागली आणि आकाराने ती आपल्याबरोबर निघालेल्यांच्या मागे राहिली.

मोठं होण्याच्या शेवटच्या टप्प्यातला एक प्रश्न आपल्या उद्योगकथांतून गळून जातो, तो म्हणजे संस्थापकाने बाजूला कधी व्हायचं. पाटणी कॉम्प्युटर सिस्टिम्स, जिच्यातून इन्फोसिसचे संस्थापक बाहेर पडले, ती २०११ मध्ये आयगेटने विकत घेतली आणि चार वर्षांत आयगेट कॅपजेमिनीकडे गेली. पाटणी हे नाव आता जुन्या कर्मचाऱ्यांच्या आठवणीत आहे. इन्फोसिसमध्ये संस्थापकांनी एकामागून एक मुख्याधिकारीपद सांभाळलं, मग मूर्ती २०१३ मध्ये परत आले, मग बाहेरून आलेले विशाल सिक्का २०१७ मध्ये जाहीर वादात बाहेर पडले आणि संस्थापकांपैकी नंदन नीलेकणींना परतावं लागलं. व्यावसायिक शिस्तीचा आदर्श म्हणून जिचे दाखले दिले जात, त्या कंपनीला वारसाचा प्रश्न तीन दशकांनंतरही जड गेला. देशपांडेंनी पर्सिस्टंटचं मुख्याधिकारीपद बाहेरच्यांकडे दिलं आणि स्वतः अध्यक्ष राहिले. मुख्याधिकारीपदी संदीप कालरा आल्यानंतर कंपनीची वाढ आधीपेक्षा वेगाने झाली. क्विक हीलनेही २०२३ मध्ये विशाल साळवी यांना बाहेरून आणलं. मराठी उद्योजक मुलाकडेच गादी देतो, या जुन्या टीकेला ही दोन उत्तरं पुरेशी आहेत.

आणि आता जमीन पुन्हा सरकते आहे. वेळ विकण्याचा धंदा माणसांच्या संख्येवर चालतो. इन्फोसिसमध्ये तीन लाखांवर माणसं आहेत आणि माणशी वार्षिक उत्पन्न साठ हजार डॉलरच्या आत आहे. कृत्रिम बुद्धिमत्तेची साधनं कोड लिहू लागल्यावर गिऱ्हाईक विचारणारच, की दहा माणसांचं बिल कशाला? दुसरीकडे सप्टेंबर २०२५ मध्ये अमेरिकेने एच-वन-बी या कामाच्या व्हिसाच्या नव्या अर्जांवर एक लाख डॉलरचं शुल्क लावलं. माणूस तिकडे पाठवणं महाग, इथे बसवून काम करणं स्वस्त, पण तेच काम यंत्राने करणं त्याहून स्वस्त. परदेशी कंपन्या पुण्यात स्वतःचीच केंद्रं उघडून मधल्या कंपनीला वगळत आहेत, ते वेगळंच. पन्नास वर्षं चाललेला रस्ता बंद होणार नाही, पण नव्या कंपनीला त्यावर पूर्वीसारखी जागा मिळणार नाही.

म्हणजे देशी गिऱ्हाइकाचा प्रश्न, ज्यावर सॉफ्ट्रॉनिक्स अडली होती, तो पुन्हा समोर आहे. फरक इतकाच की आता देशात संगणक आहेत, मोबाइल आहेत, स्वस्त इंटरनेट आहे, यूपीआय आहे. पुण्यातच २०१० मध्ये सुरू झालेल्या फर्स्टक्रायने लहान मुलांच्या कपड्या-खेळण्यांच्या धंद्यावर देशभर दुकानं मांडली, मग आखाती देश गाठले आणि २०२४ मध्ये शेअर बाजारात आली. सामान्य ग्राहक खर्च करू लागला आहे. मागे आहेत त्या आपल्या संस्था.

महाराष्ट्रात नागरी सहकारी बँका देशात सर्वाधिक आहेत. साखर कारखाने, दूध संघ, बाजार समित्या, महापालिका, जिल्हा परिषदा, शिक्षणसंस्था, ट्रस्टची रुग्णालयं आहेत. या सगळ्यांना सॉफ्टवेअर लागतं आणि ते घेताना निविदेत अशी उलाढालीची अट घातली जाते की पाच वर्षांची कंपनी दारातच अडते. जिला काम मिळतं तिला पैसे मिळायला वर्ष लागतं. छोट्या उद्योगांचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावेत, असा कायदा २००६ पासून आहे. २०२३-२४ पासून थकवलेली रक्कम प्रत्यक्ष देईपर्यंत खर्च म्हणून दाखवता येणार नाही, अशी प्राप्तिकराची तरतूदही आली. सरकारी खाती आणि आपल्या सहकारी संस्था एवढा एकच कायदा पाळतील, उलाढालीची अट काढून त्याजागी काम तपासण्याची अट घालतील, तर पुढच्या काटकरांना पंधरा वर्षं भांडवलाची वाट पाहावी लागणार नाही. वाचकांपैकी जे अशा संस्थांच्या संचालक मंडळांवर आहेत, त्यांनी पुढच्या बैठकीत हा विषय घ्यावा आणि कुठल्या पुरवठादाराचे किती दिवसांचे पैसे थकले आहेत, त्याची यादी आधी मागवावी.